कॅन्सरची जनुके : वारशाने आलेली आणि पुढे बिघडलेली

कॅन्सरच्या पेशीतले बहुतेक जनुकीय बिघाड माणसाच्या हयातीतच घडतात. आईवडिलांकडून आलेल्या दोषामुळे होणारे कॅन्सर शंभरात साधारण पाच ते दहा.

हा फरक उलगडला तो मुलांच्या डोळ्यांत. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कॅन्सर. त्यात फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकते आणि घरच्यांना शंका येते. १९७१ साली आल्फ्रेड नुडसन यांनी अशा ४८ रुग्णांच्या नोंदींचे गणित मांडले. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि गाठ होण्यासाठी दोन्ही निकामी व्हाव्या लागतात. एक प्रत जन्मतःच निकामी असेल तर दुसरी बिघडायला वेळ लागत नाही. म्हणून अशा मुलांना आजार लवकर आणि बरेचदा दोन्ही डोळ्यांना होतो. इतरांत दोन्ही आघात एकाच पेशीवर व्हावे लागतात, त्यामुळे तो उशिरा आणि एकाच डोळ्यात दिसतो.

स्तनाच्या कॅन्सरबाबत मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली बीआरसीए१ या जनुकाचा ठावठिकाणा सतराव्या गुणसूत्रावर दाखवला. १९९४ मध्ये जनुकच हाती आले. डीएनएची तुटफूट दुरुस्त करणे हे त्याचे काम. सदोष प्रत प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, मग ती आईकडची असो वा वडिलांकडची. तरीही विचारले जाते ते बहुधा आईचे आणि मावशीचे. वडील स्वतः निरोगी राहून आत्याचा दोष मुलीला देऊ शकतात, हे सुटून जाते.

महाराष्ट्राला अधिक ओळखीचा आहे तो दुसरा, हयातीत घडणाऱ्या बिघाडाचा प्रकार. तंबाखू-चुना मळून बार ठेवला जातो गाल आणि खालची हिरडी यांच्या बेचक्यात. वर्षानुवर्षांनी चट्टा उठतो तोही तिथेच. खारघरचे कॅन्सर संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील जीनोमिक्स संस्था यांचा सहभाग असलेल्या भारतीय प्रकल्पाने २०१३ साली तोंडाच्या या कॅन्सरच्या गाठींतली जनुके वाचून प्रसिद्ध केली. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ यांत वारंवार बिघाड आढळले.

यातल्या टीपी५३चाच बिघाड वारशाने आला तर ली-फ्रॉमेनी सिंड्रोम होतो आणि एकाच घरात लहान वयात निरनिराळे कॅन्सर दिसतात. म्हणून गाठीच्या तपासणीत दोष सापडला एवढ्यावर थांबून चालत नाही. तो रक्तातही आहे का, हे पाहावे लागते. रक्तात नसेल तर प्रश्न त्या रुग्णापुरता राहतो; असेल तर भावंडांना बोलवावे लागते, आणि हे काम प्रयोगशाळेपेक्षा समुपदेशकाचे अधिक आहे.

 संशोधक, डॉक्टर आणि समुपदेशकांकडे एकच मागणे : केसपेपरवर मावशीच्या शेजारी आत्यासाठीही एक रकाना असावा.