दारी आलेलं टपाल

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



टपाल खात्यातला निवृत्त माणूस म्हणून मला दहा मिनिटं मिळाली आहेत. त्यानंतर मुलांचे नाच आहेत हे माहीत आहे, त्यामुळे घड्याळाकडे बघूनच बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्याखालच्या पत्रपेट्या भरलेल्या असायच्या. आता तिथे विजेचं बिल आणि कोळ्याची जाळी. पण टपाल कमी झालेलं नाही, ते गेटवर आणि मोबाइलवर गेलं. संध्याकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये बघा, खोक्यांमागे माणूस दिसत नाही.

ओडिशातल्या पाटनागडची गोष्ट काहींनी वाचली असेल. फेब्रुवारी 2018. लग्नाला पाच दिवस झालेले, रायपूरहून कुरिअरने आहेर आला. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं, पण लग्नघरात कोण विचारतो? कागदातून एक पांढरा दोरा बाहेर आला होता, तो ओढला आणि स्फोट झाला. नवरा मुलगा आणि त्याची नात्यातली आजी गेली, नवी नवरी गंभीर भाजली. पाठवणारा कोण, तर मुलाच्या आईच्याच कॉलेजातला प्राध्यापक. प्राचार्यपद आपल्याकडून तिच्याकडे गेलं याचा राग. पोलिसांना एक निनावी पत्र आलं, त्यात पाठवणाऱ्याच्याच तोंडी शोभेल अशी माहिती होती, आणि तिथून धागा लागला. 2025 मध्ये जन्मठेप झाली.

असं आपल्याकडे रोज घडत नाही. कुरिअरच्या मुलाकडे चोर म्हणून बघू नका, उन्हातान्हात चार मजले चढून येतो, त्याला पाणी विचारा. पण लक्षणं माहीत असावीत. पाठवणाऱ्याचं नाव नाही किंवा ओळखीचं नाही, आपण काही मागवलेलं नाही, वजन एकाच बाजूला, तेलकट डाग, वेगळाच वास, बाहेर आलेली तार किंवा दोरा, नको इतकी चिकटपट्टी. यातलं एखादं साध्या पार्सलवरही असतं. दोन-तीन एकत्र दिसली तर हात लावू नका. हलवून बघू नका, पाण्यात तर अजिबात बुडवू नका. आहे तिथे ठेवा, माणसं लांब न्या, 112 ला फोन करा. पाकिटातून पूड सांडली तर पंखा आणि एसी बंद करायचा, फुंकर मारायची नाही, खोलीबाहेर येऊन दार ओढून घ्यायचं आणि साबणाने हात धुवायचे. अमेरिकेत 2001 साली अँथ्रॅक्सची पत्रं आली, पाच माणसं गेली. त्यातले दोघे वॉशिंग्टनचे टपाल कर्मचारी होते. त्यांनी पाकीट उघडलंही नव्हतं, वर्गवारीच्या यंत्रात दाबलं जाऊन बंद पाकिटातून पूड बाहेर आली. टपालातल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही.

आपल्या घरात जास्त येतो तो दुसरा प्रकार. "तुमचं पार्सल गोदामात पोचलं आहे, पत्ता अपुरा आहे, बारा तासांत या लिंकवर भरा." खाली इंडिया पोस्टचं नाव. लिंक उघडली की किरकोळ रक्कम मागतात, त्यासाठी कार्डाचा नंबर. रक्कम हे निमित्त, हवं असतं ते कार्ड. पोस्ट खातं लिंक पाठवून पत्ता दुरुस्त करून घेत नाही. स्पीड पोस्टचा नंबर तेरा अक्षरांचा असतो, सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. तो स्वतः संकेतस्थळावर टाकून बघा, मेसेजमधल्या लिंकवरून नको.

तिसरा प्रकार फोनचा. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले," असं सांगून व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बसवतात आणि ज्येष्ठांना तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर जागेवरून हलू देत नाहीत. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्येही हे सांगितलं. फोन ठेवा आणि शेजारच्या दारावर थाप मारा. मुलं परदेशात आहेत म्हणून एकट्या राहणाऱ्या काकू आपल्या प्रत्येक विंगमध्ये आहेत, त्यांनी रात्री अकरालाही माझी बेल वाजवावी. पैसे गेलेच तर लगेच 1930. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत, चांगली शिकलेली.

आता थोडं कडू बोलतो. आपण ऑफिसातून फोन करतो, "काका, सीओडी आहे, जरा देऊन ठेवा ना, संध्याकाळी देतो." वॉचमनकाका स्वतःच्या खिशातून भरतात. न मागवलेलं खोकं निघालं की घरचे म्हणतात, आमचं नाहीच. सही काकांची, पैसे काकांचे. संशयी पार्सल असलं तरी पहिला हात त्यांचाच लागतो. आपण मात्र सुरक्षिततेच्या गप्पा चौथ्या मजल्यावर मारतो. सीओडी काकांनी घ्यायचं नाही, आणि फ्लॅटधारकाने आधी कळवलेलं नसेल तर कुठलंच पार्सल ठेवून घ्यायचं नाही, एवढा ठराव कमिटीने करावा. डिलिव्हरीवाल्यांना थोडा त्रास होईल, आपल्यालाही होईल. माझ्या मते तो सोसावा.

आणि रिकामी खोकी कचऱ्यात टाकण्याआधी वरचा नाव-नंबराचा कागद फाडा. आपण काय मागवतो, हे फोन करणाऱ्याला तिथूनही कळतं.

पार्सलसाठी एक नोंदवही आणली आहे, रकाने आखलेले आहेत. ती सचिवांकडे देतो. कुणाला असा मेसेज आला असेल तर कार्यक्रमानंतर मला दाखवा, मी चहाच्या टेबलापाशीच आहे.