संकेतस्थळावरचे स्थळ

(वर्तकनगर, ठाणे येथे पालक व तरुणांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्तकनगरसारख्या म्हाडाच्या वसाहतींत नाना गावांहून आलेली कुटुंबे एकाच जिन्याने चढत-उतरत मोठी झाली. मुला-मुलींची लग्ने ठरवण्याची त्यांची एक रीत होती. एखादी आत्या, एखादे मामा किंवा खालच्या मजल्यावरचे काका स्थळ सुचवीत. मग घरातील जाणती माणसे मुलाच्या गावी, कचेरीत, शेजारी चौकशी करून येत. या रीतीत दोष नव्हते असे नाही. आजार लपवले जात, कर्जे झाकली जात आणि मुलीचे मत कित्येकदा विचारलेही जात नसे. परंतु एक गोष्ट पक्की होती. स्थळ सुचवणारा उत्तरदायी असे. सोयरीक फसली तर त्याला त्याच जिन्यावर रोज तोंड दाखवावे लागे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विवाह जुळवणारी संकेतस्थळे आली. शादी डॉट कॉम, जीवनसाथी, भारत मॅट्रिमनी ही नावे आज घरोघरी परिचित आहेत. या साधनाने मोठे काम केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परदेशी राहणारा तरुण, लहान ज्ञातीतील मुलगी, पुनर्विवाह करू इच्छिणारी विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, यांच्यासाठी ओळखींचे जुने वर्तुळ अपुरे पडत होते. संकेतस्थळाने ते विस्तारले. मात्र ते परिचय करून देते, हमी देत नाही. मध्यस्थ गेला, तशी त्याची चौकशीही गेली. ती पुन्हा कोणी तरी अंगावर घेतली पाहिजे.

न घेतल्यास काय होते, हे आपल्या अगदी जवळ दिसून आले आहे. जुलै २०२४ मध्ये नालासोपारा पोलिसांनी कल्याणमधून एका इसमास अटक केली. विवाह संकेतस्थळावर ओळख काढून त्याने वीसहून अधिक स्त्रियांशी विवाह केले आणि त्यांचे पैसे व चीजवस्तू लुबाडल्या, असा पोलिसांचा आरोप आहे. घटस्फोटित व विधवा स्त्रियांना त्याने हेरले, असेही पोलिसांनी सांगितले. यातील सूचना गंभीर आहे. पहिल्या विवाहाच्या वेळी दहा ठिकाणी चौकशी करणारी घरे पुनर्विवाहाच्या वेळी ‘मिळाले हेच पुष्कळ’ म्हणून गप्प बसतात. जिला आधाराची सर्वाधिक गरज, तिच्याच बाबतीत आपली दक्षता सर्वांत ढिली पडते.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न विचारावा तो उत्तरदायित्वाचा. संकेतस्थळ चालवणारी कंपनी कोणती, तिचा पत्ता कोठे आहे, तक्रार कोणाकडे करावयाची? केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. संकेतस्थळ केवळ विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, हे जाहीर करावे. सदस्याकडून ओळख व पत्त्याचे पुरावे घ्यावेत. खाते बंद झाल्यावरही त्याच्या इंटरनेट पत्त्याची नोंद वर्षभर जपावी, असे त्यांत सांगितले आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचे नाव प्रसिद्ध करणे आणि २४ तासांत तक्रारीची पोच देणे बंधनकारक आहे. ज्या संकेतस्थळावर हे नाव शोधूनही सापडत नाही, तेथे मुलीचे छायाचित्र देऊ नये. स्थानिक विवाह मंडळाकडे जाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, महाराष्ट्रात विवाह मंडळांच्या नियमनासाठी १९९८ चा कायदा आहे. मंडळाची नोंदणी विचारण्यात संकोच नसावा.

दुसरा प्रश्न पडताळणीचा. नावापुढे ‘सत्यापित’ अशी खूण दिसली की पालक निश्चिंत होतात. परंतु नेमके काय पडताळले, हे वाचावे. कित्येकदा त्या खुणेचा अर्थ दूरध्वनी क्रमांक चालू आहे, इतकाच असतो. ओळखपत्र तपासले असले तरी त्यावरून नाव कळते. तो मनुष्य विवाहित आहे की नाही, हे कळत नाही.

तिसरा प्रश्न गुप्ततेचा. छायाचित्र व क्रमांक कोणाला दिसावा हे आपल्याला ठरवता येते का? लग्न ठरल्यावर खाते कायमचे पुसता येते का? २०१५ मध्ये अॅशली मॅडिसन या कॅनडातील डेटिंग संकेतस्थळाची कोट्यवधी सदस्यांची माहिती चोरीस जाऊन जगापुढे उघडी पडली. खाते पूर्णपणे पुसण्यासाठी कंपनी १९ डॉलर घेत असे. पैसे भरलेल्यांचीही माहिती तिने जपून ठेवली होती, असे पुढे उघड झाले. म्हणून जे चारचौघांत गेल्यास चालणार नाही, ते कोणत्याही संकेतस्थळावर ठेवू नये.

चौकशी घरानेच करावी

संकेतस्थळ चांगले निवडले तरी काम अर्धेच होते. समोरची व्यक्ती प्रत्यक्ष वा चित्रसंवादावर दिसल्याखेरीज मन गुंतवू नये. पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी, घरी सांगून व्हावी. घटस्फोट झाला असे सांगितल्यास न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी. जोडीदार निवर्तला असल्यास मृत्यूचा दाखला पाहावा. नोकरी व घर यांची खातरजमा करावी. पुणे, नागपूर वा बंगळूर येथील स्थळ असेल तर तेथील परिचित कार्यकर्त्याला विनंती करावी. गावोगावी माणसे जोडलेल्यांनी त्या जाळ्याचा उपयोग अशा कामासाठी अवश्य करावा. आणि विवाहापूर्वी पैसे मागितले गेले, कारण आजाराचे असो वा विमानतळावर अडकलेल्या भेटवस्तूचे, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.

ही चौकशी म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणूस कागद दाखवताना रागावत नाही. आणि आपणही आपले कागद तितक्याच मोकळेपणाने पुढे ठेवले पाहिजेत.

तरुण मुले-मुली डेटिंगची अॅपही वापरतात. केवळ दटावल्याने ती थांबत नाहीत, लपवू लागतात. लपवणारी मुलगी संकटात सापडली की एकटी पडते. घरात बोलणे चालू राहणे हेच तिचे पहिले संरक्षण होय.

फसवणूक झालीच तर

पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम बँकेत रोखली जाण्याची शक्यता अधिक. संदेश पुसून टाकू नयेत, तेच पुरावे असतात. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. आधीचा विवाह लपवून दुसरा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार तो दहा वर्षांपर्यंत जाऊ शकतो.

कायदा आहे, पण पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधीच ‘चार लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आडवा येतो. भामट्याचे खरे भांडवल हेच आहे. एक घर गप्प बसले की त्याला पुढचे घर मोकळे मिळते. म्हणून फसलेल्या मुलीला ‘तुला कळले कसे नाही?’ असे विचारण्याऐवजी, ‘चल, आपण तक्रार नोंदवू’ असे म्हणणारे घर हवे, शेजार हवा. जुन्या जिन्यावरचा तो उत्तरदायी मध्यस्थ आता परत येणार नाही. त्याची जागा आपण सर्वांनी मिळून घ्यावयाची आहे.