नव्या शहरात सायकल आणि सोबत

गटातल्या सगळ्या ताई, मावशी, काकू आणि आमच्या पोरींनो, आज आम्ही सायकलबद्दल बोलणार आहोत. आम्ही म्हणजे तिघी जणी. एक बचत गटांचं काम बघणारी, ती आत्ता तुमच्याशी बोलते आहे. दुसरी नर्सिंग शिकणारी. तिसरी चार घरी स्वयंपाक करणारी, तिला आम्ही ताई म्हणतो. तिघी तीन गावांहून नाशिकला आलो. गंगापूर गावात शेजारी-शेजारी भाड्याच्या खोल्यांत राहतो. तिघींचं काम मात्र गंगापूर रोडला, जेहान सर्कलच्या आसपास.

अंतर पाचएक किलोमीटर. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण ताईला सकाळी साडेसहाला पहिल्या घरी पोचायचं असतं. त्या वेळेला शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. दोनदा उशीर झाला. त्या घरच्या बाईंनी सांगून टाकलं, पुन्हा उशीर झाला तर दुसरी बाई बघू. ते एक घर सुटलं असतं तर खोलीचं भाडं कुठून भरायचं हा प्रश्न होता. शिवाय रिक्षाला जाऊन-येऊन 40 रुपये. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1000 रुपये नुसते रस्त्यावर.

ताईला सायकल येत होती. शाळेत असताना तिला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली होती. सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना अशा सायकली मिळतात, हे तुम्हाला माहीत आहेच. दहावीपर्यंत ती रोज सायकलनं शाळेत गेली. मग लग्न ठरलं. ताई सासरी गेली आणि सायकल धाकट्या भावाकडे गेली. त्यानंतर नऊ वर्षं तिनं हँडलला हात लावला नव्हता.

तिनं गावच्या गटातून 3000 रुपये अंतर्गत कर्ज घेतलं आणि जुनी लेडीज सायकल घेतली. घरचे म्हणाले, "शहरात सायकल? गाडीखाली जायचंय का?" ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मुख्य रस्त्यावर मागून एका पिकअपनं जोरात हॉर्न दिला. ताई दचकली, सायकल कडेच्या खडीत गेली आणि कोपर सोलपटलं. ती तशीच कामावर गेली, वेळेत पोचली. पण संध्याकाळी सायकल भिंतीला लावली ती आठ दिवस काढलीच नाही. घरी कुणाला कोपर दाखवलं नाही. आम्हाला दाखवलं.

तेव्हा आम्ही तिघी बसलो. ठरलं की आधी रस्ता समजून घ्यायचा. पण विचारायचं कुणाला? गाडीवाल्याला विचारलं तर तो जवळचा रस्ता सांगतो. सायकलला जवळचा नाही, बिनधोक रस्ता लागतो. म्हणून आम्ही पेपर टाकणाऱ्या दादांना विचारलं. ते रोज पहाटे त्याच रस्त्यावर सायकलवर असतात. ते म्हणाले, "गिरणाऱ्याकडून टोमॅटो, भाजीपाला घेऊन गाड्या येतात, त्यांना मार्केट गाठायचं असतं. त्यांची घाई आणि तुमची वेळ एकच झाली. दहा मिनिटं मागंपुढं करा. आनंदवलीच्या पुढं आले की कॉलनीतून आत वळा." कुठे खडी आहे, कुठला दिवा बंद असतो, कुठे कुत्री अंगावर येतात, हेही त्यांनी सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही तो रस्ता आधी पायी चाललो. गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर खुणा केल्या. खड्डा, गतिरोधक, हवा भरायचं दुकान, लवकर उघडणारी चहाची टपरी. मग त्याच रस्त्यानं सायकल चालवली. जाताना आणि येतानाही. हे लक्षात ठेवा, बायांनो. गोदावरी गंगापूर धरणाकडून शहराकडे वाहते, त्यामुळे सकाळी शहराकडे जाताना एकूण उतार लागतो आणि परत येताना चढ. पावसाळ्यात तर पश्चिमेचा वारा येताना थेट तोंडावर. सकाळचा रस्ता सोपा वाटला म्हणून हुरळून जाऊ नका. दमलेल्या पायांनी परत येता येईल का, ते बघून ठरवा.

मग सोबतीचा प्रश्न. ताई सहाला निघते, नर्सिंगवाली सातला, आम्ही गटाच्या कामाला नऊला. तिघींच्या वेळा जुळेनात. आठवडाभर त्यावर बोलणं झालं, थोडी कुरबूरही झाली. शेवटी ताईच म्हणाली, "मला सगळ्या वाटेला सोबत नको. अंधारात मुख्य रस्ता आहे ना, तेवढ्यालाच द्या." मग सोपं झालं. आता नर्सिंगवाली तिच्याबरोबर सहाला निघते, लवकर पोचते आणि तासभर अभ्यास करते. पहिले पंधरा दिवस आम्हीही बरोबर गेलो. दुपारी ताई एकटी येते, तेव्हा उजेड असतो आणि तिला घाई नसते. संध्याकाळी आम्ही दोघी चहाच्या टपरीपाशी थांबून बरोबर येतो.

आमचे नियम साधे आहेत. एकामागे एक चालवायचं, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. जी हळू चालवते ती पुढे. ठरलेल्या जागी पाच मिनिटं थांबायचं, येणार नसेल तिनं आदल्या रात्री सांगायचं. निघण्याआधी ब्रेक आणि हवा बघायची. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा. साडी असेल तर पदर खोचायचा, ओढणी मागे बांधायची आणि चेनकव्हर पक्कं बसवून घ्यायचं. कुत्रं अंगावर आलं तर पळवायचं नाही, खाली उतरायचं, सायकल मधे धरायची आणि शांतपणे चालत पुढे जायचं.

नाशिकला सायकलचं वेड मोठं आहे. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची मंडळी पंढरपूरला सायकलवारी काढतात, त्यात बायाही असतात. इथलेच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ 2015 साली अमेरिकेतल्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या शर्यतीत उतरले. सुमारे 4800 किलोमीटर त्यांनी नऊ दिवसांच्या आत पार केले. तेही पाळीपाळीनं, एक चालवतोय तेव्हा दुसरा विश्रांती घेतोय आणि मदतीची माणसं गाडीतून बरोबर. एवढ्या पट्टीच्या सायकलस्वारांनाही सोबत लागली. मग आपण सोबत मागायला का लाजायचं?

एका रविवारी आम्ही कामासाठी नाही, सहज म्हणून निघालो. गोवर्धनवरून धरणाच्या बाजूला. सकाळी लवकर गेलो, कारण सुट्टीच्या दिवशी नंतर फिरायला येणाऱ्या गाड्यांची गर्दी होते. पाणी दिसलं तशी ताई उतरली आणि बघत राहिली. म्हणाली, "चार घरच्या नळाला येतं ते हेच पाणी. मी रोज त्यात तांदूळ धुते. बघितलं आजच." नाशकात येऊन तिला दोन वर्षं झाली होती.

आता सगळं छान झालं असं नाही. नर्सिंगवालीला रात्रपाळी असली की ती रिक्षानंच येते. मुसळधार पावसात आम्ही सायकल काढत नाही. ताईच्या घरी अजून थोडी धुसफूस चालते. पण साडेसहाचं घर टिकलं. वाचलेल्या पैशांतून गटाचं कर्ज चार महिन्यांत फिटलं.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे 1990 नंतर साक्षरता मोहिमेत बायकांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकायला घेतली. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या बाया. लोक हसले, टोमणे मारले. पण एकेकटी शिकत नव्हती, गावच्या गाव शिकत होतं, म्हणून ते हसणं फार टिकलं नाही. 1992 च्या महिला दिनाला दीड हजारांवर बायका एकत्र सायकली घेऊन रस्त्यावर उतरल्या.

म्हणून आमचं तुमच्याकडे मागणं आहे. पुढच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी विचारा. आपल्या गावातली कोणती मुलगी, कोणती सून शिकायला किंवा कामाला शहरात गेली आहे? त्याच भागात आपल्या किंवा शेजारच्या गावची आणखी कोण राहते? दोघींचे फोन नंबर एकमेकींना दिलेत का? आम्ही तिघी एकाच भागात असून सहा महिने एकमेकींना ओळखत नव्हतो. गटानं जोडून दिलं असतं तर ताईचं कोपर कदाचित सोलपटलं नसतं.

आणि एक शेवटचं. पोरीचं लग्न ठरलं की भांडी देता, कपाट देता. तिची सायकल मात्र भावाला ठेवून घेता. ती सायकल तिची आहे. चेनला तेल घाला, टायर नवे टाका आणि तिच्याबरोबर पाठवा.

बोलणं थांबवतो, मैत्रिणींनो. उद्या पहाटे सहाला निघायचं आहे. नमस्कार.