गळकी नळी : सांधावी की नवी आणावी?

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



चारचौघींपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा चुलीपाशी आणि विहिरीवर भरली. तेव्हा मोठमोठ्या विषयांवर मी काय बोलणार? परंतु चिटणीसबाईंनी "घरातल्या रोजच्या गोष्टीवर बोला" असे सांगितले, आणि घरोघर चालणारा एक वाद मला आठवला. परसातली पाण्याची नळी गळू लागली, तर ती सांधावी की टाकून देऊन नवी आणावी? विषय क्षुल्लक वाटेल. पण चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईला तो क्षुल्लक वाटत नाही.

आपल्या डोळखांबकडे पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो. पण जमिनीखाली काळा कातळ, आणि वर उतार. पाणी जिरण्याआधीच ओहोळाने वाहून जाते, आणि होळी झाली की विहिरी तळ दाखवू लागतात. तानसा धरण १८९२ साली झाले, भातसा त्यानंतर कितीतरी वर्षांनी. दोन्ही आपल्या शहापूर तालुक्यातली, आणि दोहोंचे पाणी मुंबईला जाते. तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे गाऱ्हाणे जिथे मांडायचे तिथे मांडलेच पाहिजे. पण नळापासून वाफ्यापर्यंतचे पाणी तरी आपल्या हातातले आहे, आणि मी तेवढ्याचेच बोलणार आहे.

आमच्या घरी या वादात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, "चिंधी बांध, चालतेय की अजून." मुलगा म्हणतो, "आई, फेकून दे, नवी आणू." मी दोघांचेही ऐकून घेतले आणि आधी पाणी मोजले. गळतीखाली एक लिटरचा तांब्या ठेवला आणि घड्याळ पाहिले. चार मिनिटांत तांब्या भरला. नळी रोज अर्धा तास चालते, म्हणजे साडेसात लिटर पाणी रोज वाया. चैत्र-वैशाखाचे साठ दिवस धरले तर साडेचारशे लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तीस हंडे होतात! थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात; गळक्या नळीने तेच तळे थेंबे थेंबे आटते.

कोणी म्हणेल, गळलेले पाणी मातीतच जाते ना? जाते खरे, पण ते मिरचीच्या मुळाशी जात नाही, दारात जाते. दारात चिखल होतो, डबके साचले की डास होतात, आणि मिरची सुकते ती सुकतेच.

आता निवाडा कसा करावा ते सांगते. पहिली गोष्ट, गळती कुठे आहे ते पाहावे. पुष्कळदा नळी चांगली असते आणि गळते ती तोटीपाशी. तिथे नळी ताणून ताणून सैल झालेली असते. तेवढे दोन बोटे टोक सरळ कापून, पुन्हा बसवून क्लिप आवळली की काम झाले. फिरकीची टोपी असेल तर आतला रबरी वायसर बदलावा. एवढ्यासाठी नवी नळी आणणे म्हणजे बटण तुटले म्हणून पोलके टाकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, नळी हातात घेऊन दुमडून पाहावी. प्लॅस्टिकची नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात एक द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने आणि काळाने ते निघून जाते, आणि नळी कडक होते. दुमडल्यावर ती मऊ राहिली आणि भोक एकाच जागी, उंदराने कुरतडल्याचे किंवा कोयता लागल्याचे असले, तर खुशाल सांधावी. पण दुमडताच बारीक चिरा दिसल्या, करकर वाजली, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. आज इथे सांधाल, उद्या वीतभर पुढे फुटेल.

तिसरी गोष्ट, आधीचे सांधे मोजावेत. नळीच्या आत जो जोड घालतो, त्याचे भोक नळीपेक्षा लहान असते. एका-दोन जोडांनी फारसे बिघडत नाही; चार-पाच झाले की शेवटच्या वाफ्याला धार पोचत नाही, आणि शिवाय प्रत्येक जोड ही गळण्याची एक नवी जागा.

सांधायचेच ठरले तर नीट सांधावे. चिंधी पाणी अडवीत नाही, नुसती भिजते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कोरड्या नळीवर ताणून गुंडाळली तर चार दिवस निभावते. कायमचे काम करायचे तर खराब तुकडा कापून टाकावा, दोन्ही टोके गरम पाण्यात धरून मऊ करावीत, जोड आत घालावा आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळाव्यात. दुकानात जाताना कापलेला तुकडा बरोबर न्यावा. अर्धा इंची की पाऊण इंची, हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखविलेले बरे.

आमच्या नळीचा निकाल दोन्ही पक्षांना मान्य झाला. साठ फूट नळी दुमडत दुमडत पाहिली. तोटीकडची वीस फूट वर्षानुवर्षे उन्हात पडून कडक झाली होती. पुढची चाळीस फूट पडवळाच्या मांडवाखाली सावलीत असल्यामुळे अजून मऊ होती. कडक तेवढी कापली आणि त्याच मापाचा वीस फूट काळा तुकडा आणून एक जोड दिला. काळा अशासाठी, की त्यात काजळी मिसळलेली असते आणि ती ऊन सोसते. सासूबाईंची नळी राहिली आणि मुलाची नवी आली!

यावरून निगेचेही कळते. काम झाल्यावर नळीतले पाणी काढून ती सावलीत ठेवावी. खिळ्याला टांगू नये, तिथे घडी पडून चीर जाते. जुन्या टायरवर गोल गुंडाळावी. विहिरीच्या दगडी कडेवर घासते तिथे गोणपाट घालावे.

आणि एक कळकळीचे सांगणे. टाकाऊ नळी चुलीत घालू नका, बंबाखालीही नको. तिचा धूर विषारी असतो, आणि तो आधी आपल्या व चुलीपाशी बसलेल्या लेकरांच्या छातीत जातो. तिचे उपयोग पुष्कळ आहेत. वीतभर तुकडा बादलीच्या कडीवर चढविला की हाताला कडी रुतत नाही. उभा चिरून विळ्याच्या धारेवर बसविला की मुलांना भय नाही. मऊ तुकड्याला दाभणाने हातहात अंतरावर भोके पाडावीत, टोक बंद करावे, आणि वांग्याच्या ओळीत ठेवून तोटी अगदी थोडी सोडावी. पाणी थेट मुळाशी झिरपते.

आता मंडळाच्या कामाचे. अंगणवाडीच्या परसबागेसाठी मंडळाने घेतलेली नळी मी गेल्या आठवड्यात सगळी दुमडून पाहिली. पाच जोड आहेत, आणि टोकापासून टोकापर्यंत चिरा आहेत. काही भगिनींचे मत, पैसा सर्वांच्या वर्गणीचा, तेव्हा सांधून वर्ष काढावे. त्यांची काळजी योग्य आहे. पण त्या बागेतला शेवगा, दुधी, पालेभाजी मुलांच्या ताटात जाते, आणि गळणारे पाणी आपल्यापैकीच कोणी डोक्यावरून आणून भरून काढते. वर्गणीचा हिशेब वहीत लिहिला जातो. मानेवरच्या हंड्याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. तोही धरावा, एवढेच माझे म्हणणे. म्हणून होळीच्या आत ती नळी बदलावी, अशी सूचना मी मांडते. पटत नसेल त्यांनी उद्या सकाळी बागेत यावे, नळी स्वतः दुमडून पाहावी, आणि मग मत द्यावे.

जुने झाले म्हणून टाकू नये, आणि आपले म्हणून धरूनही ठेवू नये. हात लावून पाहावे, पाणी मोजावे, आणि मग ठरवावे.