गच्चीवरची शेगडी

डिसेंबर लागला की सोसायट्यांच्या गच्च्यांवर शेगड्या चढतात. सळयांवर पनीर, चिकन, कणसं, आणि सोबत गाणी. मजा जरूर करा. पण कोळसा पेटवण्याआधी एकदा मान वर करून बघा, डोक्यावर काय आहे?

मुंबईच्या कमला मिल आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्र उलटल्यावर गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग भडकली आणि 14 माणसं गेली. हुक्क्यासाठी पेटवलेल्या कोळशाच्या ठिणग्या हे संभाव्य कारण अग्निशमन दलाने अहवालात नोंदवलं. आपणही पार्टीसाठी मांडवाचं कापड ताणतो, दिव्यांच्या माळा सोडतो, उन्हाळ्यातली हिरवी जाळी तर तशीच राहिलेली असते. यातल्या कशाच्याही खाली शेगडी नको. गॅलरीत तर नकोच. वरच्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत असतात.

वारा सुटला की कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, आत घेऊ." हे सगळ्यात वाईट. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. स्वयंपाकाचा गॅस गळला तर वास येतो, याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. माणूस म्हणतो, दमलोय. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही.

कोळसा पेटत नाही म्हणून पेट्रोल किंवा स्पिरिट ओतणारे शूर वीरही असतात. ज्वाळा त्या धारेवरून थेट हातातल्या बाटलीपर्यंत येते. पुठ्ठ्याने वारा घाला, थोडं थांबा. भूक कुठे पळून जात नाही. चरबी ठिबकून जाळ उठला तर पाणी मारू नका, झाकण लावा. वाळूची बादली हाताशी असू द्या.

जेवणं झाली, पाहुणे पांगले, आता खरी काळजी घ्या. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही धगधगता असू शकतो. तो प्लास्टिकच्या कचरापेटीत गेला, की पहाटे जिन्यात धूर. लांब उभं राहून थोडं थोडं पाणी घाला, राख ढवळा, पुन्हा पाणी घाला आणि रात्रभर लोखंडी बादलीत उघड्यावरच ठेवा.

कुणाला भाजलंच, तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, तूप नको, हळद नको. आणि आग आवरेना, तर फोटो काढत उभे राहू नका. सगळ्यांना जिन्याने खाली उतरवा आणि 101 फिरवा.