भोकरदनची मूर्ती भोकरदनच्या मुलांना दिसू द्या

 अध्यक्ष या नात्याने मी जिल्ह्यातील कलाशिक्षणाचा आढावा घ्यावा, असे कलाशिक्षकांच्या या मेळाव्याच्या संयोजकांनी सुचवले होते. तो अहवालात छापला आहे, सवडीने वाचा. मला आज एकच मागणी मांडायची आहे. भोकरदनला संग्रहालय हवे, आणि ते नव्या चित्रकारांसाठी हवे.

इसवी सन ७९मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या भोकरदनच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात निघाली, म्हणूनच पाँपेईची मूर्ती घडली कुठे हे शोधताना अनेक अभ्यासक भोकरदन आणि तेर या प्राचीन गावांकडे बोट दाखवतात. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे, म्हणजे याच भोकरदनचे लोक होते. १९७३मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले, ग्रंथही निघाला. इथे केळणा नदीकाठी वाढलेल्या माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मात्र भोकरदनची ती मूर्ती पाहिलेली नव्हती. पुस्तकातला धूसर फोटो फळ्याला टाचून मी शिकवत आलो.

सकाळच्या चर्चेत काही मित्र म्हणाले, संग्रहालय म्हणजे जुन्याची राखण, समकालीन कलेला त्याचा काय उपयोग? आपल्याला कलादालन हवे. मला हे मुळीच मान्य नाही.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या सरावाला आपण काय मांडतो? सुरई, पेला, दोन फळे, मागे पडदा. एका पावसाळ्यात पांढरीवर उघडे पडलेले एक खापर मी त्या जागी ठेवले. काठाजवळ ओल्या मातीत बोट फिरल्याची खूण होती, आतून चाकाच्या रेघा. एका मुलीने सुरई सोडून ती खूणच कागदभर मोठी करून काढली. पुढे वर्षभर तिच्या चित्रांत ती वळणारी रेघ येत राहिली. तसे काढ असे तिला कोणी सांगितले नव्हते. मोबाइलवर जगातली सगळी चित्रे तिला दिसत होतीच, पण हातात घेऊन फिरवून पाहिलेली वस्तू तिला पहिल्यांदा मिळाली होती. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

मोठ्या शहरांत हे उमगले आहे. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली खुले झाले. जीर्णोद्धारानंतर संग्रहालयाने आजच्या चित्रकारांना बोलावले, आमच्या संग्रहाला तुमच्या कामातून उत्तर द्या म्हणून. अतुल दोडिया यांनी तिथे ‘७००० म्युझियम्स’ हा प्रकल्प मांडला, त्यात गावोगावच्या संग्रहालयांची कल्पना जलरंगांत रंगवली होती. चित्रकाराला कागदावर दिसलेले आपल्याला जमिनीवर का उभे करता येऊ नये? तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात राहून वस्तू जमवल्या, पुढे शासनाने त्या संग्रहाचे संग्रहालय केले. तेरला जमले ते भोकरदनला जमणार नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

एका कार्यालयात मी या मागणीसाठी अनेक वर्षे अर्ज दिले. ‘वस्तू आधीच सुरक्षित आहेत’ असे उत्तर मिळाले. सुरक्षित आहेत, हे मान्य. पण कुलपातली वस्तू कोणाचा हात घडवत नाही. मूळ वस्तू द्या, असा हट्टही नाही. उत्तम प्रतिकृती, दोन खोल्या, आणि शेजारी तरुण चित्रकारांना काम करायला भिंत, एवढ्यावर सुरुवात होईल. जागेचे आणि निधीचे पुढे बघू, समितीही नेमू.

ठरावाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. चहाला जाण्याआधी प्रत्येकाने त्यावर सही करावी, शाळेचे नाव ठळक लिहावे.