जिंकलेल्या पैशाची नोंद



वसतिगृहनिधीच्या ताळेबंदावर नुकतीच चर्चा झाली. तिच्याच ओघात व्यवस्थापक मंडळाने आम्हांस या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. द्यूत वाईट, हे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. ते ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून सांगितले जात आहे, आणि तरीही आमच्या घरांतून दिवाळीत पत्ते पडतातच. प्रश्न एवढाच, की लॉटरीत, शर्यतीत वा पत्त्यांत जिंकलेला पैसा आयकराच्या विवरणपत्रात दाखवावा किंवा नाही.

पुष्कळांची समजूत अशी, की नशिबाने आलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे. उत्पन्न ते, जे नोकरीतून वा पेढीवरून मिळते. ही समजूत अगदीच निराधार नाही. 1972 पूर्वी आकस्मिक प्राप्तीला आयकरातून सामान्यतः सूट होतीच. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते आणि इतर जुगार यांत जिंकलेली रक्कम ‘उत्पन्ना’च्या व्याख्येत घातली. 1986 च्या वित्त कायद्याने तीवर सरसकट 40 टक्के दर बसविला. पुढे तो 30 टक्क्यांवर आला. तेव्हा वडिलांच्या काळी जे चालले ते आज चालणार नाही. सरकारचा हा वाटा तरी नवा कोठे आहे? जिंकलेल्या द्रव्यातून द्यूताध्यक्षाने शेकडा पाच घ्यावे, असे कौटिल्याने सांगून ठेवले आहे. पाच आणि तीस यांतील अंतराविषयी कोणास तक्रार करावयाची असेल, तर ती खुशाल करावी.

दुसरा आक्षेप असा, की जो जुगार मुळात बेकायदा, त्याची प्राप्ती दाखविणे म्हणजे आपणच आपल्यावर फिर्याद करणे होय. परंतु पैशाचे कूळ आयकर विचारीत नाही. 1957 साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचा दर्जा नाकारला, आणि त्याच निकालात बक्षीस-स्पर्धांवरील मुंबई राज्याचा कर उचलून धरला. ज्यास फिर्यादीची भीती वाटते त्याने तिचा विचार डावावर बसण्यापूर्वी करावा हे बरे.

खरी बोचणारी गोष्ट निराळीच आहे. समजा, एका गृहस्थाने महालक्ष्मीच्या शर्यतींत एका दिवशी 50,000 रुपये जिंकले आणि त्याच हंगामात इतर दिवशी 60,000 घालविले. पदरचे 10,000 गेले असतानाही 50,000 वर 30 टक्के, म्हणजे 15,000 रुपये कर त्याने द्यावयाचा, उपकर वेगळा. हरलेली रक्कम वजा होत नाही, तिकिटाचा खर्चही नाही. मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी मात्र 2023 साली निव्वळ प्राप्तीवर आकारणी ठरली (ते पैशांचे खेळच 2025 च्या कायद्याने बंद झाले, हा भाग वेगळा). एकास निव्वळ आणि दुसऱ्यास ढोबळ, हा न्याय आम्हांस पटत नाही. तथापि यावर उपाय म्हणून कायदा बदलून मागावा. विवरणपत्रातील रकाना कोरा ठेवणे हा उपाय नव्हे. शिवाय असे रकाने कोरे ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी हरलेल्या रकमा तरी घरच्या वहीत लिहिल्या आहेत? आपण जिंकलो की बुडालो, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नसते. आणि घरातील गृहिणीस तर दागिना गहाण पडेपर्यंत काहीच कळत नाही.

लॉटरीच्या बक्षिसातून कर आधीच कापून घेतात, म्हणून पुढे काही करावयास नको, असे मानणारेही आहेत. कापलेल्या कराचा दाखला मिळाला तरी रक्कम विवरणपत्रात यावीच लागते.

आता आमच्या निधीविषयी. गेल्या दिवाळीनंतर एका सद्गृहस्थांनी वसतिगृहासाठी मोठी रक्कम देऊ केली. अट इतकीच, की पावती नको आणि वहीत नावही नको. ती कोठून आली, हे त्यांनी खासगीत मोकळेपणाने सांगितले. 2006 च्या वित्त कायद्यापासून ज्ञातिसंस्थांसारख्या न्यासांना मिळणाऱ्या निनावी देणग्यांवर ठराविक मर्यादेपलीकडे 30 टक्के कर पडतो. अर्थात त्यांनी चुकविलेला कर आमच्या विद्यार्थ्यांनी भरावा, असा याचा अर्थ होईल. मंडळाने ती रक्कम अद्याप स्वीकारलेली नाही. दोन खोल्यांचे काम तीमुळे अडले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. आमचे मत असे, की त्यांनी ती प्राप्ती आधी विवरणपत्रात दाखवावी, कर भरावा, आणि उरलेल्यातून जे द्यावयाचे ते नावानिशी द्यावे. प्रसिद्धी नको असेल, तर नाव वहीत राहील, स्मरणिकेत छापले जाणार नाही. या अर्थाचा ठराव उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे.